तिसऱ्यांदा विचारायचं असतं

सेनन कॉन्सिडाइनची गाय निवेदिताच्या परसातली मेथी खाऊन गेली, तेव्हापासून या दोन घरांची ओळख. मेथी काही फार कौतुकाची नव्हती. आयर्लंडमधल्या एनिसजवळच्या त्या ओल्या, मरतुकड्या उन्हात वीतभर वाढायला तिनं दोन महिने घेतले होते. रविवारी भाजी करायची असं निवेदितानं ठरवलं होतं, आणि शनिवारी सकाळी बिनशिंगांची एक तांबडी गाय वाफ्यात उभी होती. वाफा साफ झालेला. शॅननच्या कारखान्यात हृदयात बसवायच्या नळ्यांची क्वालिटी तपासणारी, चाळीस माणसांना कामाला लावणारी निवेदिता गाईला नुसतं "शुक शुक" करत राहिली. गाईनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग कुंपणापलीकडून एक उंच, वाळका म्हातारा आला. वय सत्त्याऐंशी, डोक्यावर चपटी टोपी, हातात काठी. त्यानं फक्त "पॉली" म्हटलं आणि गाय शहाण्या सुनेसारखी खाली मान घालून त्याच्या मागे निघाली. म्हातारा एवढा ओशाळला, की निवेदितालाच कानकोंडं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी सोडा ब्रेडचा एक जाडजूड गोल ठेवलेला होता, धुवट फडक्यात बांधून. बेल न वाजवताच ठेवून गेला होता.

आईनं शिकवलेल्या ज्या थोड्या गोष्टी निवेदितानं ऐकल्या होत्या, त्यातली एक म्हणजे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. तिनं त्याच फडक्यात शंकरपाळे बांधले आणि त्याच्या दाराच्या कडीला अडकवून आली. ते सगळे शंकरपाळे त्यानं त्याच संध्याकाळी चहाबरोबर संपवले, असं त्यानंच पुढे सांगितलं. हे लक्षात ठेवा. हातात ठेवलेलं तो मुकाट घेत होता. निवेदिताच्या मात्र हे लक्षात राहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात सेनन रोज संध्याकाळी गाईला गोठ्याकडे नेताना दोन घरांमधल्या दगडी बांधाशी थांबायचा. निवेदिता म्हणायची, "आत येता का? चहा टाकतेय." तो म्हणायचा, "छे, नको. मी ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे तिकडच्या बोलीत अगदी ठीक. ती म्हणायची, "नक्की ना?" तो म्हणायचा, "अगदी ग्रँड. गाय बांधायचीय." मग ती "ओके" म्हणून आपला कप घेऊन बाहेर यायची, आणि तो बांधावर कोपर टेकून पाऊण पाऊण तास बोलत उभा राहायचा. पाऊस आला तरी हलायचा नाही. टोपीच्या काठावरून पाणी गळायचं, गाय कंटाळून एकटीच पुढे निघून जायची, आणि म्हाताऱ्याची गोष्ट चालूच असायची. घाई असलेल्या माणसाला एवढी सवड कुठून, हा प्रश्न निवेदिताला पडला नाही. माणसाला स्वतःची स्पेस प्यारी असते, असं तिनं त्यावर उत्तर शोधून ठेवलं होतं.

याला कारण होतं. लहानपणी निवेदितानं आग्रहाचा इतका छळ सोसला होता, की तो शब्दच तिला नको झाला होता. मुंजी, बारशी, डोहाळजेवणं, सगळीकडे कुणीतरी आत्या किंवा मामी "एवढीच, माझ्या हातची" म्हणत जिलबी पानात टाकणार आणि ही डोळ्यांत पाणी आणून गिळणार. आयर्लंडच्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं गेलं की नाही म्हणजे नाही, दुसऱ्यांदा विचारणंसुद्धा जरा जास्तच. तिला सुटल्यासारखं झालं. आपली माणसं आता कुठे सापडली, असं तिनं नवऱ्याला, सलीलला सांगितलंसुद्धा होतं.

सेननचं उलटं. ती कधी त्याच्या फाटकाशी गेली की तो विचारायचा, "चहा घेशील?" ती म्हणायची, "नो थँक्स." तो पुन्हा विचारायचा. ती पुन्हा नाही म्हणायची. तो तिसऱ्यांदा विचारायचा. ती हसून तिसऱ्यांदा नाही म्हणायची, तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर कोरा व्हायचा. "बिचारे विसरतात," ती घरी येऊन सांगायची. "एकच गोष्ट तीन तीनदा विचारतात."

बांधावरच्या त्या गोष्टी मात्र ऐकाव्यात अशा होत्या. सेननच्या लहानपणी त्यांच्या घरी आठ माणसं. उकडलेले बटाटे पातेल्यातून वेताच्या पसरट टोपलीत ओतायचे, ती टोपली त्याच पातेल्याच्या तोंडावर ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. ताटली नाही, चमचा नाही. नखानं साल काढायची, बटाटा मिठात टेकवायचा, वर मगभर ताक. शुक्रवारी मध्ये एक खारवलेला मासा असायचा. पोरांनी बटाटा त्याला नुसता टेकवायचा आणि माशाची चव लागली असं समजायचं, मासा वडिलांचा. ब्रेड लोखंडी भांड्यात भाजायचा, झाकणावर निखारे रचून. लोणी घुसळताना कुणी दारात आलं, तर त्यानं चार हात मारल्याशिवाय जायचं नाही, नाहीतर घरातलं लोणी त्याच्याबरोबर जातं. डुक्कर मारलं की त्याचे वाटे शेजारच्या प्रत्येक घरी जायचे, आणि ते वाटे पोरांनी पोचवायचे. भार्गवी, निवेदिताची आठ वर्षांची मुलगी, हे ऐकून "ओह माय गॉड, सेनन!" म्हणायची आणि लगेच पुढचं विचारायची. तिला मराठीतलं सगळं समजायचं, बोलायची मात्र तिथल्या, क्लेअर परगण्यातल्या पोरांसारखं इंग्रजी.

आणि जनावरांचा बाजार! त्याबद्दल बोलताना म्हातारा ताठ व्हायचा. अंधारातच वडिलांबरोबर गुरं घेऊन निघायचं, एनिसपर्यंत आठ मैल चालत. खिशात दोन उकडलेले बटाटे, आधी त्यांच्या उबेनं हात शेकायचे आणि मग ते खायचे. बाजार कुठल्या मैदानात नाही, भर रस्त्यात, दुकानांच्या दारांत. दुकानदार काचांपुढे फळ्या ठोकून ठेवायचे. शेण, वाफ, शिव्या, हंबरणं. हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, काठ्या घेऊन फिरायचे आणि चांगल्या गाईला मुद्दाम नावं ठेवायचे.

"भाव सांगितला की तो नाही म्हणायचा आणि चालू लागायचा," सेनन सांगायचा. "मग मध्यस्थ धावायचा. त्याला दंडाला धरून परत आणायचा. आता माझा बाप नाही म्हणायचा आणि पाठ फिरवायचा. मध्यस्थ त्याला ओढून आणायचा. तिसऱ्यांदा दोघांचे हात एकमेकांच्या हातांत कोंबायचा. तळव्यावर थुंकायचं, टाळी मारायची, झाला सौदा. मग विकणाऱ्यानं एक नाणं परत द्यायचं, नशिबासाठी."

"पण पहिल्यांदाच हो का नाही म्हणायचे?" निवेदितानं विचारलं होतं. "किती वेळ वाचला असता."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "पोरी, पहिल्यांदा हो म्हणणं म्हणजे अधाशीपणा. पहिला नकार हा नमस्कार असतो. दुसरा लोकलाजेचा. बोलणं तिसऱ्यापासून सुरू होतं." निवेदिताला हे फार आवडलं. तिनं ते ऑफिसात एका प्रेझेंटेशनच्या सुरुवातीला सांगितलं. लोक हसले. शहाणपण कानावरून असं जातं कधीकधी, वाऱ्यासारखं.

ऑक्टोबरात ब्रीजी मॅकमहन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे लिमरिकला गेली. ब्रीजी ही सेननची पलीकडची शेजारीण, सत्तरीची, दणकट. वीस वर्षं दुपारचं जेवण त्याला ती देत आली होती. नोव्हेंबरात सरकारी नर्स सेननला तपासून जाताना निवेदिताच्या दाराशी थांबली. म्हणाली, त्याचं वजन फार उतरलंय. रोज एक गरम जेवण पोटात गेलं नाही, तर हिवाळा सरायच्या आत त्याला वृद्धाश्रमात हलवावं लागेल. सरकारी डब्याला तो नाही म्हणाला होता. गाय सोडून, घर सोडून तो जाणार नव्हता, आणि खातही नव्हता. "तुमचं जरा बोलणं आहे ना त्याच्याशी," नर्स म्हणाली.

निवेदितानं ते मनावर घेतलं. तिला तो म्हातारा खरंच आवडत होता. दुसऱ्याच दिवशी ती फाटकाशी गेली. "रोज दुपारी तुमच्यासाठी थोडं जेवण आणू का? आम्ही करतोच."

"छे छे, कशाला त्रास."

"त्रास काही नाही. खरंच नको?"

"मी ग्रँड आहे. माझ्याकडे आहे सगळं."

एवढं झाल्यावर तिनं काय करायचं? ती परत आली. आठवड्यानं पुन्हा गेली, पुन्हा तेच, दोनदा विचारून दोनदा नकार. तिनं फोनवर आईला सांगितलं तर आई भडकलीच. "अगं, विचारतेस कशाला? ताट वाढायचं आणि पुढ्यात ठेवायचं. भुकेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारतं का?"

"आई, इथे तसं नसतं. त्यांचा डिसिजन आहे. रिस्पेक्ट करायला नको?"

"कर रिस्पेक्ट," आई म्हणाली. "पण उपाशी ठेवून करू नकोस." निवेदितानं रागानं फोन ठेवला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती त्याला नाताळच्या जेवणाचं बोलावणं करायला गेली. "एक वाजता या. भार्गवी रोज विचारतेय."

"नको गं. तुमचं घरचं जेवण. मी कुठे मध्ये?"

"प्लीज या ना. एकटे काय करणार?"

"नको. गाय आहे. मी ग्रँड असेन." तो काठीनं चिखलात रेघा ओढत होता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि थांबला. निवेदितालाही वाटलं, अजून एकदा म्हणावं. मग तिला ती जिलबी आठवली, ट्रेनिंग आठवलं. "ओके," ती म्हणाली. "मनात आलं तर या."

नाताळच्या दिवशी कोरडी, कडक थंडी होती. एकच्या सुमाराला भार्गवी खिडकीशी गेली. "मम्मी, सेनन इज ॲट द गेट. ही लुक्स फॅन्सी." निवेदितानं बघितलं. सेनन त्याच्या फाटकाशी उभा होता, काळा सूट, टाय, चकचकीत बूट. "चर्चमधून आले असतील," ती म्हणाली. "किंवा कुणी न्यायला येणार असेल," सलील म्हणाला. तिनं हात हलवला. त्यानंही हलवला. मग कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली. तीन वाजता पडदा सारताना तो अजून तिथेच होता. चला, बिचाऱ्याला न्यायला येणाऱ्यांनी फार उशीर केला, एवढंच तिच्या मनात आलं.

जानेवारीच्या मध्याला एका सकाळी पॉली हंबरायची थांबेना. निवेदिता धावत गेली. गोठ्याच्या दाराशी सेनन पडला होता, कण्हत, अंग बर्फासारखं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पांघरूण शोधायला ती घरात शिरली. शेजारी राहून पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात एक किटली होती, ब्रेडचं वाळकं टोक, जॅमची तळाला गेलेली बाटली. फ्रिजमध्ये दूध. बस्स. माझ्याकडे आहे सगळं, म्हणाला होता.

न्युमोनिया निघाला. चौथ्या दिवशी तो जरा बोलू लागला, तेव्हा ती थर्मासमध्ये बटाट्याचं सूप घेऊन इस्पितळात गेली. पलंगावर तो पोरासारखा दिसत होता. "सूप आणलंय. घेणार?"

"नको गं. मी ग्रँड आहे."

"थोडंसं?"

"नको."

तिनं थर्मास बाजूला ठेवला. सेनन छताकडे बघत होता. मग तो आपणहून बोलू लागला, आणि त्यानं सांगितलं ते नोराचं. नोरा त्याची मोठी बहीण. आई गेल्यावर घर तिनंच सांभाळलं. एकोणीसशे अठ्ठावन्न साली बॉस्टनच्या मावशीचं पत्र आलं आणि नोरा निघाली. सकाळी फाटकाशी तो म्हणाला, जाऊ नकोस. ती म्हणाली, जाते. तिची बॅग घेऊन तो तिठ्यापर्यंत गेला, तिथे पुन्हा म्हणाला, राहा की. ती म्हणाली, नाही.

"दोनदा नाही म्हणाली," सेनन म्हणाला. "मी वीस वर्षांचा. मला राग आला. बॅग खाली ठेवली आणि आलो निघून. तीन वर्षांनी तिचं पत्र आलं. लिहिलं होतं, तू बाजारात वाढलेला माणूस, सेनन, आणि दोनदाच विचारून सौदा सोडलास? मी तिठ्यावर किती वेळ बुटाची नाडी बांधत बसले होते. नाडी सुटलेलीच नव्हती." त्यानं चादरीची कड सारखी केली. "तिकडेच मेली. पुन्हा दिसली नाही."

निवेदिता त्याच्या उशाशी बसून होती. आधी तिला नोराचं वाईट वाटलं, आणि मग एकदम अंगावर काटा आला. बांधावर पाऊण पाऊण तास पावसात उभा राहिलेला म्हातारा तिला दिसला. तिला तीनदा चहा विचारणारा म्हातारा. पहिला नकार नमस्कार, हे तिनं पाठ केलं होतं, चाळीस लोकांना हसवलं होतं त्यावर, आणि रोज दुसऱ्या नकारावर पाठ फिरवून घरी गेली होती. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी, की उठून पळून जावंसं वाटलं. पळाली नाही. थर्मास उघडला.

"सेनन," ती म्हणाली. "सूप घेणार का?"

त्यानं मान वळवली.

"थोडं दे तर मग," तो म्हणाला.

तिनं भरवलं. त्यानं आठ चमचे घेतले, शेवटचा तर ओठ पुसून चवीनं घेतला. मीठ कमी आहे, म्हणाला. मग तिनं दुसरं विचारलं. इथून सोडलं की आमच्याकडे याल का राहायला? खालची खोली रिकामी आहे, खिडकीतून पॉली दिसते. तो नको म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. लोक काय म्हणतील, म्हणाला. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, त्याचा हात दोन्ही हातांत धरून, त्या बाजारातल्या मध्यस्थासारखा.

"येईन," सेनन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "फार वेळ लावलास गं पोरी."

गुरुवारी सोडणार होते. सलीलनं खोलीतला हीटर दुरुस्त केला, भार्गवीनं दारावर त्याचं नाव चिकटवलं. बुधवारी सकाळी निवेदिता त्याच्यासाठी नवी उशी घेऊन दुकानातून बाहेर पडत होती, तेव्हा फोन आला. पहाटे, झोपेतच.

त्याला त्याच्या घरी आणून ठेवलं, पुढच्या खोलीत, तिकडच्या रीतीनं, पेटी उघडी ठेवून. अंगावर तोच काळा सूट. लोक येत होते, हात जोडून थांबत होते, स्वयंपाकघरात जाऊन चहा घेत होते. किटलीपाशी ब्रीजी उभी होती, काठी टेकत लिमरिकहून आलेली. तिनं निवेदिताला चहा विचारला. निवेदिता नको म्हणाली. ब्रीजीनं ते ऐकलंच नाही, कप तिच्या हातात दिला आणि वर सँडविच ठेवलं.

"मी त्याच्यापुढे ताट आपटायचे," ब्रीजी म्हणाली. "विचारलं असतं तर जन्मात हो म्हणाला नसता. नाताळला संध्याकाळी मी फोन केला होता त्याला. म्हणाला, मी तयार होऊन फाटकाशी थांबलो होतो, पण त्यांच्याकडे पाहुणे आले असतील. पोरीनं हात केला मला खिडकीतून, म्हणाला. खूश होता."

निवेदितानं कप ओट्यावर ठेवला.

ब्रीजीनं कपाट उघडलं. किटलीच्या वरच्या फळीवरून लाल कागदात गुंडाळलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि निवेदितापुढे धरला. वर थरथरत्या अक्षरात भार्गवीचं नाव होतं.

"तू जेवायला बोलावून गेलीस ना," ब्रीजी म्हणाली, "त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानातून मागवून घेतला त्यानं. रिकाम्या हातानं कसं जायचं, मला फोनवर म्हणाला."